न ढवळलेल्या तळावरचे पीळदार प्राणी

हेलिकोप्लॅकॉइड हा कंटकचर्मी प्राण्यांचा एक छोटा आणि फार पूर्वी नामशेष झालेला वर्ग आहे. तारामासा, सागरी अर्चिन, समुद्रकाकडी आणि समुद्री लिली ही त्याची आज हयात असलेली भावकी. कॅम्ब्रियन कालखंडाच्या पूर्वार्धात, सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वी, हे प्राणी समुद्रतळावर राहत होते. त्यांचे जीवाश्म मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात सापडतात, तेही मोजक्या थरांत. त्या थरांच्या वर त्यांचा मागमूस उरत नाही. भूशास्त्राच्या मापाने हा वर्ग आला काय आणि गेला काय, एवढाच त्याचा संसार. तरी कंटकचर्मींच्या उगमाचा विषय निघाला की त्याला टाळता येत नाही. एक तर पंचकोनी तारामाशाच्या कुळात इतका वेडावाकडा आकार कुठून आला हा प्रश्न आहे. आणि दुसरे म्हणजे, हे प्राणी ज्या तऱ्हेच्या तळावर राहत होते तो तळच पुढे पृथ्वीवरून बहुतांशी नाहीसा झाला.

या वर्गातल्या हेलिकोप्लॅकसचे शरीर वर फुगीर आणि खाली निमुळते होते. दोरी गुंडाळलेला भोवरा उभा धरला तर जे दिसते, त्याच्या बरेच जवळ जाणारे. दोरीच्या जागी चुनकट पट्टिकांच्या रांगा होत्या आणि त्या तळापासून माथ्यापर्यंत पीळ घेत चढत होत्या. बहुतेक नमुने अवघ्या काही सेंटिमीटरांचे आहेत. पट्टिका एकमेकींना सांधलेल्या नव्हत्या. त्या लवचीक त्वचेत बसवलेल्या होत्या, त्यामुळे प्राणी मेला की शरीर कोसळून चपटे व्हायचे. खडकात सापडतो तो हा दबलेला, पसरलेला सांगाडा. पुष्कळदा मूळ पट्टिकाही विरघळून गेलेल्या असतात आणि शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या थरदार खडकात, फक्त त्यांचा साचा उरतो. अशा साच्यात लॅटेक्स ओतून ठसा काढायचा आणि त्या ठशावरून जिवंत प्राणी कसा उभा असेल याचा अंदाज बांधायचा, हेच या विषयातले निम्मे काम.

या प्राण्याला बाहू नव्हते, देठ नव्हता, काटे नव्हते. पट्टिकांच्या रांगांमधून एक अरुंद अन्नखाच मात्र पीळ घेत जात होती. आजच्या तारामाशाच्या बाहूखाली अशीच खाच असते आणि तिच्यात नलिकापादांच्या ओळी असतात. शरीरातल्या पाण्याच्या दाबावर हालणाऱ्या या बारीक नळ्या समुद्री लिलीत अन्नाचे कण तोंडाकडे सरकवतात. हेलिकोप्लॅकसच्या खाचेतही हेच चालत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे प्राणी जागचा न हलता पाण्यातून वाहत येणारे कण टिपत होता.

हा वर्ग जगासमोर आला तो 1963 साली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जे. वायट डरहॅम आणि सिनसिनाटी विद्यापीठातील केनेथ कॅस्टर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात कंटकचर्मींचा एक नवा वर्ग जाहीर केला. नमुने पूर्व कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन्स या कोरड्या, उंच डोंगररांगेतले होते. साडेचार हजार वर्षांहून जुनी ब्रिसलकोन पाइनची झाडे याच डोंगरांवर उभी आहेत, आणि पर्यटक तिथे जातात ते त्या झाडांसाठी. झाडांच्या खालच्या अंगाला असलेल्या शेलमध्ये त्यांच्याहून लाखपटीने जुने प्राणी निजलेले आहेत, याची कल्पना फार थोड्यांना असते. एखादी नवी प्रजाती जाहीर होणे ही जीवाश्मशास्त्रात रोजची गोष्ट आहे, पण संपूर्ण नवा वर्ग क्वचितच हाती लागतो. या वर्गाची शरीररचना तर हयात असलेल्या एकाही कंटकचर्मीशी थेट जुळत नव्हती.

डरहॅम आणि कॅस्टर यांनी तोंड शरीराच्या माथ्यावर आहे असे मानले होते. पीळ घेत चढणारी खाच शेवटी वर जाते, तेव्हा तोंडही वरच असणार, असा तो साधा तर्क. पुढे ख्रिस्तोफर पॉल आणि अँड्र्यू स्मिथ यांनी 1984 साली कंटकचर्मींच्या आरंभीच्या शाखांचा मोठा आढावा घेतला आणि या प्राण्याचे वाचन पालटले. खाच एक नसून तिला फाटा आहे. तीन शाखा जिथे मिळतात तिथे, म्हणजे शरीराच्या कुशीवर, तोंड असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. ही दुरुस्ती वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे हेलिकोप्लॅकस हा त्रिशाखी प्राणी ठरला. पंचशाखी तारामाशाच्या कुळात तीन शाखांचा पूर्वज असेल, तर पाचाचा आकडा नंतर आला असे म्हणण्याला वाट मिळते. बाहूच नसलेल्या आणि पिळाने सगळ्या दिशा गुंतवून टाकलेल्या प्राण्यात पुढचे-मागचे ओळखायचे कसे, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

इतक्या विचित्र प्राण्याला कंटकचर्मी म्हणायचे कशाच्या बळावर? उत्तर पट्टिकेत आहे. कंटकचर्मींचा सांगाडा कॅल्साइटचा असतो, पण ते कॅल्साइट भरीव नसते. भिंगाखाली पट्टिकेचा ताजा तुकडा धरला तर बारीक छिद्रांची जाळी दिसते. हिला स्टीरिओम म्हणतात. जिवंतपणी या जाळीच्या पोकळ्या मऊ ऊतीने भरलेल्या असतात. गंमत अशी की, जाळी कितीही गुंतागुंतीची असली तरी प्रत्येक पट्टिका प्रकाशाच्या दृष्टीने एकसंध स्फटिकासारखी वागते. त्यामुळे जीवाश्म झालेली पट्टिका फुटली की ती वेडीवाकडी तुटत नाही. कॅल्साइटच्या पाटनतलावर ती सरळ तुटते आणि आरशासारखी चमकते. चुनखडकाच्या तुटलेल्या काठावर उन्हात असा सपाट, चकचकीत ठिपका दिसला की अनुभवी भूवैज्ञानिक लगेच खिशातले भिंग काढतो, कारण बहुधा तो कंटकचर्मीचा तुकडा असतो. दुसरा कोणताही प्राणिगट असा सांगाडा बांधत नाही. त्यामुळे एका पट्टिकेवरूनही कूळ सांगता येते, आणि खडकांच्या नोंदीत ही जाळी पहिल्यांदा दिसते तीही याच सुमाराला, 52 कोटी वर्षांच्या आगेमागे.

ओळख पटायला हे चिन्ह नसेल तर घोटाळे होतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात हेलिकोप्लॅकसच्याच सुमारास राहणाऱ्या कॅम्प्टोस्ट्रोमा या प्राण्याची नोंद 1933 साली रुडॉल्फ रुडेमान यांनी केली, ती तरंगणाऱ्या जेलिफिशसारखा प्राणी म्हणून. तो कंटकचर्मी असल्याचे डरहॅम यांनी तीन दशकांनंतर दाखवले. याच्या उलट, ऑस्ट्रेलियातील, कॅम्ब्रियनच्या आधीच्या एडिअॅकरा काळातील आर्कारुआ या चकतीवर पाच रेघा आहेत म्हणून तिला सर्वांत जुना कंटकचर्मी मानण्याचा प्रस्ताव 1987 साली आला. पण तिच्यात स्टीरिओमचा पत्ता नाही, त्यामुळे फार थोडे अभ्यासक तो स्वीकारतात. पाच रेघा असणे आणि कंटकचर्मी असणे यांत अंतर आहे.

आता तळाकडे यावे लागते, कारण हेलिकोप्लॅकॉइडांची गोष्ट तळाशिवाय कळत नाही. प्राणी खाली निमुळता होता, पण त्याला चिकटण्यासाठी बूड नव्हते आणि मुळांसारखे धागेही नव्हते. स्टीफन डॉर्नबॉस आणि डेव्हिड बॉट्जर यांनी 2000 साली सुचवले की हा निमुळता भाग थेट गाळात रुतवून प्राणी उभा राहत असे. आजच्या बहुतेक समुद्रांत हे जमणार नाही. आजचा गाळ वरच्या काही सेंटिमीटरांत सतत ढवळलेला असतो. किडे, शिंपले, खेकडे आणि अर्चिन त्यात बिळे करत असतात, आणि वरचा थर पातळ चिखलासारखा लिबलिबीत होतो. बिनमुळाचा प्राणी त्यात कलंडेल किंवा बुडेल. हेलिकोप्लॅकॉइड ज्या शेलमध्ये सापडतात तिथे गाळ फारसा ढवळलेला नाही, बारीक थर जसेच्या तसे राहिले आहेत. त्या तळावर सूक्ष्मजीवांचा चिवट पापुद्रा होता आणि त्याखाली घट्ट गाळ. अशा गाळात रुतवलेले बूड हलत नाही.

सूक्ष्मजीवांच्या पापुद्र्याने बांधलेला तळ हा कॅम्ब्रियन काळाचा शोध नव्हे. तो त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याचा उत्तम नमुना पाहायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. छत्तीसगडमधील भिलाईतल्या पॉवर हाऊस भागात, कॅम्प-1 सारख्या कामगारवस्त्यांच्या परिसरातून नंदिनी रोड उत्तरेकडे जातो. त्या वाटेने पुढे नंदिनीच्या चुनखडकाच्या खाणी लागतात. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीला लोहखनिज मिळाले दल्ली-राजहऱ्याहून आणि चुनखडक मिळाला नंदिनीहून. खनिजातली वाळूसारखी सिलिकायुक्त घाण चुन्याशी संयोग पावून मळी होते आणि वितळलेल्या लोखंडावर तरंगते. ती वेगळी काढता यावी म्हणून चुनखडक लागतो. कारखान्याच्या दृष्टीने नंदिनीच्या दगडाचे मोल त्याच्या चुन्यात आणि सिलिका किती कमी यात आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने त्याच दगडात एक अख्खा समुद्रतळ आहे.

हा दगड छत्तीसगड खोऱ्याच्या रायपूर गटातला. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्या थराला चंडी चुनखडक म्हणतात. त्याखाली गुंडरदेहीचा शेल आहे, आणि वर हिर्रीचा डोलोमाइट, जो भिलाईच्याच कारखान्यासाठी बिलासपूरकडून काढला जातो. चंडी चुनखडकाच्या उभ्या कापात ठिकठिकाणी स्तंभ दिसतात. जवळून पाहिले तर प्रत्येक स्तंभ बारीक पापुद्र्यांनी बनलेला असतो आणि हे पापुद्रे वरच्या बाजूला फुगलेले, एकावर एक बसलेल्या कमानींसारखे असतात. दोन स्तंभांच्या मधल्या फटीत चुन्याचा गाळ आणि स्तंभांचेच मोडलेले तुकडे भरलेले असतात. तोच दगड आडवा कापला की स्तंभांच्या जागी एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात, एकमेकांना खेटून. यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ समुद्रात सायनोबॅक्टेरियासारख्या सूक्ष्मजीवांनी पापुद्रा धरायचा, त्यावर चुन्याचे कण अडकायचे आणि साकळायचे, मग सूक्ष्मजीवांनी प्रकाशाच्या ओढीने वर सरकून नवा पापुद्रा धरायचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालून हे स्तंभ वाढले.

या खोऱ्यातील सर्वांत वरच्या थरांजवळ ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. त्यांतील झिरकॉन स्फटिकांवरून काढलेले वय सुमारे 100 कोटी वर्षे भरते. म्हणजे नंदिनीचा तळ त्याहूनही जुना. तिथे शिंपले, गोगलगायी किंवा कंटकचर्मी शोधणे व्यर्थ आहे, कारण कोणताही प्राणी तेव्हा अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. गाळ ढवळणारे कोणी नव्हते आणि पापुद्रा खरवडून खाणारेही कोणी नव्हते, म्हणून पापुद्र्यांना असे डौलदार स्तंभ बांधता आले. महाराष्ट्रातल्या वाचकाला असा तळ पायाखालचाच आहे. वाड्यांच्या सोप्यांत आणि चाळींच्या गॅलऱ्यांत बसवलेली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील भीमा गटाच्या चुनखडकातून येते. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक पैनगंगा गटाचा. हे सगळे कॅम्ब्रियनपूर्व खडक आहेत आणि त्यांतल्या एकाही फरशीत शिंपला सापडायचा नाही. शाळेच्या सहलीत मुले दगडावर शंख शोधतात, त्यांना हे आधी सांगितले तर बरे.

एवढ्या जुन्या तळाचा आणि 52 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा संबंध असा, की पापुद्र्याने बांधलेला तळ छत्तीसगडचा समुद्र आटला म्हणून संपला नाही. इतर समुद्रांत तो पुढेही कोट्यवधी वर्षे टिकून राहिला. पहिले मोठे बहुपेशी जीव, म्हणजे एडिअॅकरा काळातले मऊ शरीराचे जीव, अशाच तळावर पसरले होते. हेलिकोप्लॅकॉइड आले तेव्हाही काही भागांत, विशेषतः शांत पाण्याखालच्या गाळात, तो शिल्लक होता. त्यांचे शरीर नव्या तऱ्हेचे असले तरी राहण्याची सोय मात्र फार जुनी होती.

ही सोय मोडली ती बिळे करणाऱ्यांनी. कॅम्ब्रियन कालखंडाची सुरुवात, सुमारे 53.9 कोटी वर्षांपूर्वी, एका बिळाच्या ठशावरूनच ठरवली जाते. ट्रेप्टिक्नस नावाच्या त्या खुणेत कोणत्या तरी अज्ञात किड्याने गाळात खालीवर फिरत कोरलेली फांदीदार वाट दिसते. त्याआधीचे बहुतेक माग पृष्ठभागावर आडवे पसरलेले असत. पुढे बिळे खोल आणि दाट होत गेली. पापुद्रा फाटला, गाळात पाणी आणि प्राणवायू शिरला, घट्ट तळ मऊ झाला. जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ आडॉल्फ झाइलाखर यांनी पापुद्र्याच्या तळावर जगणाऱ्या जीवांच्या निरनिराळ्या तऱ्हा मांडल्या होत्या. त्या आधारावर बॉट्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली या घडामोडीला कॅम्ब्रियन तळक्रांती असे नाव दिले. त्यांच्या मते हेलिकोप्लॅकॉइड हे या क्रांतीचे बळी होत. जुन्या तळाला साजेसे शरीर घेऊन आलेल्या प्राण्यांना नवा तळ पेलला नाही.

ही मांडणी सुबक आहे आणि पाठ्यपुस्तकांत ती पटकन रुळली. पण तिच्यात एक अडचण आहे. लिडिया टारहॅन आणि सहकाऱ्यांनी कॅम्ब्रियनपासून सिल्युरियनपर्यंतचे गाळथर इंचाइंचाने तपासले आणि 2015 साली दाखवले की गाळ पूर्णपणे ढवळून निघायला दहा-बारा कोटी वर्षे लागली. कॅम्ब्रियन काळात ढवळण फार उथळ होती. तसे असेल तर इतक्या लवकर नाहीशा झालेल्या हेलिकोप्लॅकॉइडांचा दोष सगळा बिळांवर टाकता येत नाही. उथळ ढवळणही बिनमुळाच्या प्राण्याला पुरेशी घातक ठरली असेल, हा बचाव शक्य आहे आणि तो अगदीच लंगडा नाही. काही सेंटिमीटरांच्या प्राण्याचे रुतलेले बूड किती खोल असणार? वरचा एखादा सेंटिमीटर सैल झाला तरी त्याची उभी राहण्याची पंचाईत होते.

जे तगले त्यांनी काय केले, यावरून या तर्काला थोडा आधार मिळतो. हेलिकोप्लॅकॉइडांच्या आसपासच एड्रिओअॅस्टरॉइड हा दुसरा गट दिसू लागतो. हे बशीसारखे चपटे प्राणी. वरच्या बाजूला मधोमध तोंड आणि त्यापासून निघणाऱ्या पाच अन्नखाचा, पुष्कळदा एकाच दिशेला वळलेल्या. सुरुवातीच्या एड्रिओअॅस्टरॉइडांपैकी काही गाळावरच पसरलेले होते. नंतरचे बहुतेक कठीण आधार धरतात: मेलेल्या प्राण्यांची कवचे, दगड झालेला तळ. दुसरा गट इओक्रिनॉइडांचा. त्यांतले गोगिया सर्वांत परिचित. पिशवीसारखे शरीर, वर बारीक अन्नग्राही बाहू, पट्टिकांच्या कडांवर श्वसनासाठी छिद्रे आणि खाली देठ. त्यांचाही कल पुढे कठीण आधाराला चिकटण्याकडे आणि देठ उंच करून गढूळ तळापासून वर उठण्याकडे दिसतो. एड्रिओअॅस्टरॉइड पुराजीव महाकल्पाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले, इओक्रिनॉइड सिल्युरियनपर्यंत. हेलिकोप्लॅकॉइडांनी असा कोणताही मार्ग घेतल्याचे दिसत नाही.

याच काळात कंटकचर्मींचे आणखी काही गट होते आणि त्यांपैकी काहींना सममितीचे वावडेच होते. बोहेमियातील ट्रोकोसिस्टाइट्ससारखे सिंक्टन चपटे आणि एका अंगाला कललेले, कडेने जाड पट्टिकांची चौकट असलेले. 2015 साली इम्रान रहमान आणि सहकाऱ्यांनी संगणकावर सिंक्टनाभोवतीच्या पाण्याचा प्रवाह घडवून पाहिला. नुसत्या वाहत्या पाण्यावर या प्राण्याचे भागले नसते, तो पाणी आत ओढून गाळत असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याहून जुन्या धाटणीचा टेनोइम्ब्रिकाटा हा स्पेनमधला प्राणी 2012 साली प्रसिद्ध झाला. त्याचे शरीर डावे-उजवे सारखे होते. आजच्या तारामाशाची आणि अर्चिनची पोहणारी अळीही डावी-उजवी सारखीच असते, प्रौढ होताना ती पंचकोनी होते. या सगळ्यांतून दिसणारा क्रम असा: आधी द्विपार्श्व शरीर, मग एका अंगाला कल, मग काहींत तीन शाखा, आणि शेवटी पाच. वाचायला हा क्रम सोपा आहे. पण खडकांत हे गट जवळजवळ एकाच वेळी दिसू लागतात, त्यामुळे काळाच्या आधारे तो सिद्ध करता येत नाही, शरीररचनेच्या आधारे मांडावा लागतो.

हेलिकोप्लॅकॉइडांना या क्रमात पक्की जागा मिळाली ती मोरोक्कोतल्या एका शोधामुळे. अँड्र्यू स्मिथ आणि सॅम्युएल झामोरा यांनी 2013 साली हेलिकोसिस्टिस या प्राण्याचे वर्णन केले. त्याचेही शरीर पिळाच्या पट्टिकांचे, पण त्याच्या माथ्यावर तोंड होते, तोंडाभोवती पाच अन्नखाचा होत्या आणि खाली आखूड देठासारखे बूड होते. म्हणजे पीळ हेलिकोप्लॅकसचा आणि पाचाचा आकडा तारामाशाचा, एकाच शरीरात. कॅलिफोर्नियाच्या तीन शाखा आणि पुढच्या पाच शाखा यांच्यामधला दुवा म्हणून यापेक्षा चांगला नमुना अजून हाती आलेला नाही. भौगोलिक बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. मोरोक्को तेव्हा गोंडवन या महाखंडाच्या काठावर होता आणि भारतही त्याच महाखंडाचा भाग होता. हेलिकोप्लॅकॉइड मात्र समुद्रापलीकडच्या लॉरेन्शियाच्या, म्हणजे त्या काळच्या उत्तर अमेरिकेच्या, किनाऱ्यावर राहत होते.

पाच शाखा म्हणजे शरीराचा कोणता भाग, हा प्रश्न जीवाश्मांच्या आवाक्याबाहेरचा. त्यावर 2023 साली लॉरां फॉर्मेरी आणि सहकाऱ्यांनी जिवंत तारामाशाच्या जनुकांवरून प्रकाश टाकला. इतर प्राण्यांत डोक्याच्या भागात चालू असणारी जनुके तारामाशाच्या जवळजवळ सर्व बाह्य त्वचेत चालू असतात आणि धडाची जनुके तिथे दिसत नाहीत. तारामासा हा, थोडक्यात, समुद्रतळावर सरपटणारे डोके आहे. हे खरे मानले तर हेलिकोप्लॅकसमधला पीळ ही डोकेच पसरत जाण्याची एक सुरुवातीची खटपट असू शकते, पण असे म्हणताना पट्टिकांच्या ठशांवर फार भार टाकला जातो हे ध्यानात ठेवलेले बरे.

तळ मऊ झाल्यावर चिकटणे हा एक उपाय झाला, चालायला लागणे हा दुसरा. ऑर्डोव्हिशियन काळात, सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी, प्ल्युरोसिस्टिटिड हा चपटा, देठ असलेला प्राणी होता. देठ आधाराला होता की हालचालीला, हे दगडावरून सांगता येत नव्हते. 2023 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील अभियंत्यांनी जीवाश्मशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन त्याचा मऊ रोबो बनवला. देठ दोन्ही बाजूंना रुंद झोकांनी हलवला की यंत्र पुढे सरकते, आणि देठ लांब केला तर जादा श्रम न पडता वेग वाढतो, असे दिसून आले. हेलिकोप्लॅकसवर असा प्रयोग करण्यासारखे काही नाही. तो एकदा रुतला की रुतला.

भारतीय खडकांत हेलिकोप्लॅकॉइड सापडलेले नाहीत. देशातले कॅम्ब्रियन सागरी थर मुख्यतः हिमालयात आहेत. स्पितीतल्या पराहिओ खोऱ्यातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या काळचे ट्रायलोबाइट गोळा होत आले आहेत. त्याच सुमारास ब्रह्मदेशच्या उत्तर शान संस्थानांतून आलेल्या ऑर्डोव्हिशियन सिस्टॉइडांचा, म्हणजे इओक्रिनॉइडांच्या नंतरच्या एका छिद्रयुक्त भावकीचा, अभ्यास लंडनच्या फ्रान्सिस बॅदर यांनी केला. तो 1906 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेत छापला गेला.

छत्तीसगडपुरते बोलायचे तर नंदिनीचा समुद्र आटल्यावर राज्याच्या भूमीवर पुन्हा खारे पाणी आले ते फार उशिरा, पर्मियन काळाच्या आरंभी, सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी. हिमयुग ओसरताना समुद्राची एक चिंचोळी पट्टी आत शिरली आणि मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या पात्रात आज दिसणारे थर तेव्हा साचले. कोळशाच्या शोधात असताना एस. के. घोष यांच्या नजरेस ते 1954 साली पडले आणि पुढे ते स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखले गेले. तिथे युरिडेस्मा आणि अॅव्हिक्युलोपेक्टेन ही शिंपल्यांची कवचे आहेत, ब्रायोझोआ आहेत आणि समुद्री लिलींचे तुकडेही आहेत. ऑर्डोव्हिशियन काळात उदयाला आलेल्या, देठावर उभ्या राहणाऱ्या कुळाचे ते वंशज होत.